दोन पिवळे कमी

बाळ पिवळंच हवं होतं त्यांना. शनिवारी सकाळी काउंटरवरच्या बाई आत आल्या, माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचा फोटो परत आलाय. रंग चुकलाय म्हणतात." माझा फोटो रंगासाठी परत येतो हे आमच्या लॅबमध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं. बावीस वर्षं मी ह्या एका खुर्चीवर बसून लोकांचे रंग सुधारत आलो. मालक गिऱ्हाइकांसमोर मला 'आमचा डोळा' म्हणतात, आणि मी वरवर नाक मुरडत असलो तरी मला ते आवडतं. त्यामुळे मी बाहेर गेलो तो जरा तणतणतच. काउंटरपाशी एक तरुण जोडपं उभं होतं. बाईच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं गुटगुटीत बाळ, आणि काचेवर मी परवा करून दिलेला मोठा फोटो: तेच बाळ, तीन दिवसांचं, दवाखान्याच्या खाटेवर, डोळे टक्क उघडे. "काय बिघडलंय ह्यात?" मी विचारलं. "काका, हा गोरा झालाय," नवरा म्हणाला. मी म्हटलं, "पिवळा दिसत होता, ते काढलं. दिव्याचा असतो तो पिवळेपणा. आम्ही न सांगताच काढतो." "दिव्याचा नव्हता हो, ह्याचाच होता," बाईला हसूच आलं. "तिसऱ्या दिवशी कावीळ झाली होती. होते म्हणे पुष्कळ बाळांना. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवला होता. घरी अजून ह्याला लिंबूच म्हणतात सगळे. आमचं लिंबू आम्हाला परत द्या." नवरा हसला, काउंटरवरच्या बाई हसल्या, बाळही उगाच हसलं. मीही हसलो असेन. तासाभरात देतो म्हणालो आणि आत आलो.

आत येऊन मी मूळ फोटो पडद्यावर उघडला आणि बघत राहिलो. बाळ पिवळं होतं, पण चादर पांढरी होती. उशीचा अभ्रा पांढरा, आईच्या मनगटावरची दवाखान्याची पट्टी पांढरी, आणि ह्या सगळ्या पांढऱ्यात एकटं बाळ पिवळं. दिवा पिवळा असता तर त्याने चादरीलाही सोडलं नसतं. दिवा कुणाला सोडत नाही. शिकाऊ माणसालाही कळावी अशी गोष्ट, आणि ती मला दिसली नव्हती, कारण मी चादरीकडे बघितलंच नव्हतं. मी नेहमी करतो तेच केलं होतं. रंग सुधारायचा म्हणजे फोटोत आधी खरोखरची पांढरी वस्तू शोधावी लागते. तिच्यावर बाण नेऊन टिचकी मारली की यंत्र तिला पांढरी धरतं आणि बाकीचा सगळा फोटो तिच्याप्रमाणे बदलून घेतं. आता पांढरं म्हणून भरवसा कशावर ठेवायचा? भिंती रंगवलेल्या असतात, सदरे धुऊन धुऊन मळकट झालेले, दात चहाने गेलेले. माझी युक्ती साधी होती आणि मला तिचा फार अभिमान होता. मी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टिचकी मारतो. माणूस काळा असो, गोरा असो, डोळ्याचा पांढरा भाग पांढराच. बाळाच्या डोळ्यावरही मी तशीच टिचकी मारली होती. डोळा पिवळा होता; मी यंत्राला सांगितलं, हे पांढरं आहे, आणि यंत्राने मुकाट्याने ऐकलं. बाळ गोरं झालं आणि चादर निळसर झाली. निळसर चादरीकडे कोण बघतंय? अशी निळसर झालेली एक भिंत मी आधी पाहिली होती. माझ्या घरची.

माझे मास्तर, ज्यांच्या हाताखाली मी लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत हे काम शिकलो, म्हणायचे, "गिऱ्हाईक फोटो बघत नसतं रे. चेहरा बघतं." तेवढ्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. चेहरा सांभाळा, बाकीचा फोटो स्वतःला सांभाळून घेतो. कॅमेरा हातभर खाली धरला की पतपेढीतला कारकून पुढारी दिसायला लागतो, आणि वरून धरला की तोच कारकून काहीतरी चोरून आल्यासारखा ओशाळतो. मागचं सगळं धूसर केलं की भरल्या घरातली बाई एकटी वाटते. कडेचा दीर कापून टाकला की एकत्र कुटुंब सुखी दिसतं. जरा लाली चढवली की कुठल्याही जुन्या दुपारचं बालपण होतं. एकदा एका बाईंनी वडिलांचा फोटो आणला होता, कुठल्याशा समारंभातला, वीस माणसांत उभे असलेले वडील. तो मोठा करून हवा होता. मी तो करताना ओठांचे दोन्ही कोपरे केसभर वर उचलले. केसभरच. बाई फोटो बघून काउंटरवरच रडायला लागल्या, म्हणाल्या, "अगदी असेच प्रेमळ होते हो बाबा." मूळ फोटोत बाबा खाऊ की गिळू करत होते. ह्या सगळ्याला मी फसवणूक कधीच मानलं नाही. लोकांना काय वाटावं ते मी आतल्या खोलीत बसून ठरवायचो आणि बाहेर त्यांना वाटायचं की ते त्यांचं त्यांनाच वाटतंय, ह्यात मला एक प्रकारची सत्ता वाटायची, पगारवाढीपेक्षा मोठी. बायकोला मी हे सगळं रंगवून सांगायचो. ती ऐकता ऐकता भाजी निवडायची आणि म्हणायची, "म्हणजे तुमच्या दुकानातून कुणी खरं बाहेर पडतच नाही म्हणा." मी म्हणायचो, खरं घरी असतंच की त्यांच्याकडे.

ही बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. आमची एकुलती एक मुलगी तेव्हा दुसऱ्या शहरात, एका मोठ्या इस्पितळात नर्स होती; अजून आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. आमच्या घरचा फोन साधा, तारेचा; त्यावर नुसता आवाज यायचा, चेहरा दिसत नसे. वॉर्डात माणसं कमी, रजा मिळेना, पाच महिने मुलीला घरी येता आलं नव्हतं. तिने मला सांगितलं, "बाबा, दर रविवारी आईचा एक फोटो काढून पाठवत जा. आवाजावरून मला काही कळत नाही, आई आवाजात काही कळूच देत नाही." मग मी दर रविवारी सकाळी, नाश्ता झाला की, टेबलाशी बसलेल्या बायकोचा फोटो काढायचो. आमचं जेवणाचं टेबल गॅलरीच्या तोंडाशी आहे आणि गॅलरीवर पिवळट फायबरचं छप्पर आहे. त्यातून गाळून आलेला उजेड सगळ्यावर पिवळी झाक टाकतो, टेबलावर, पांढऱ्या कपावर, मागच्या भिंतीवर. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी तो फोटो नीट करून मुलीला मेलने पाठवायचो. आमच्या भाषेत सांगायचं तर त्या छपराला दोन पिवळे, म्हणजे पिवळ्या रंगाचे दोन टप्पे, कमी करावे लागायचे. बिघडलेल्या रंगाचा फोटो माझ्या हातून बाहेर जाणं शक्यच नव्हतं, आणि तोही स्वतःच्या बायकोचा. मुलगी तिथे तो छापून घ्यायची आणि हॉस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. असे सोळा फोटो झाले. बाराव्या की तेराव्या फोटोला तिने फोनवर विचारलं होतं, "बाबा, घराला निळा रंग दिलात का? छान दिसतोय. आईपण छान दिसतेय, बारीक झालीय जरा." मी हसलो होतो. म्हटलं, रंग कसला, तोच जुना चुना आहे. बायको शेजारीच उभी होती. तिला सांगितलं, तुझी लेक म्हणते तू बारीक झालीस. ती म्हणाली, "झालेय खरी. जेवण जात नाही." मी म्हणालो, चांगलंच आहे की.

सोळाव्या फोटोनंतरच्या गुरुवारी बायको मोरीत पडली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बघितल्या बघितल्या मला विचारलं, "ह्या किती दिवसांपासून अशा पिवळ्या आहेत?" मी म्हणालो, "पिवळ्या? नाही हो. आज जरा..." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दोन-अडीच महिने तरी झाले असणार." पित्ताच्या वाटेवर गाठ होती. वेळेत आणलं असतं तर काढायचा विचार तरी करता आला असता, असं ते नंतर म्हणाले. नंतर म्हणजे मुलगी आली तेव्हा, तिच्यासमोर, कारण ती त्यांच्याच पेशातली आणि तिला आडपडदा न ठेवता सांगायला हरकत नव्हती. एकोणीस दिवसांत सगळं आटोपलं. त्या एकोणीस दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलेला पाण्याचा ग्लास आठवतो, आणि एवढंच आठवतं की मी सारखा तो ग्लास बघत होतो, बायकोकडे बघत नव्हतो. मुलीने मला एकदाच विचारलं, "तुम्हाला दिसलं नाही?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "रोज बघणाऱ्याला दिसत नाही, बाबा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दिसायला मला हवं होतं." मी लावून घेतलं नाही. म्हणजे, तिने एवढ्या मोठ्या मनाने उचलून नेलेलं ओझं मी तिच्या डोक्यावरून काढून घेतलं नाही. माझ्या मनात शंका नव्हती असं खोटं कशाला सांगू? पण लॅबमधलं ते सोळा मूळ फोटोंचं फोल्डर मी आठ महिने उघडलं नाही. दुसरं कुठलंही फोल्डर उघडताना नजर त्याच्यावरून जायची आणि मी ती तशीच पुढे सरकवायचो.

मुलीने मात्र ते फोटो रोज बघितले. ती सोळा फोटो कपाटावरून काढून पर्समध्ये घेऊन फिरायला लागली. चहाच्या वेळात ते बाहेर काढायची, भिंग लावून बघायची. तिला दिसत होतं ते असं: आईचे डोळे पांढरेशुभ्र, कातडी स्वच्छ. आणि डॉक्टर म्हणत होते, अडीच महिने. डॉक्टर खोटं बोलणार नाहीत आणि बाबांचा फोटो खोटा असणार नाही. तेव्हा खोटे असलेच तर आपले डोळे, असा तिने हिशेब मांडला. "मी रोज कावीळ बघते, बाबा," ती मला म्हणाली, "दारातून पेशंट आत आला की मला कळतं. आणि माझ्या आईची मला सोळा फोटोंत दिसली नाही. अजूनही दिसत नाही. इथे कुठेतरी असणार, आणि मला दिसत नाही." मग तिला वॉर्डात सगळेच पिवळे दिसायला लागले. धडधाकट माणसांसाठी तिने आठवड्यात तीन वेळा डॉक्टरांना बोलावलं. बाकीच्या नर्सा आधी हसल्या, मग हसेनाशा झाल्या. ह्याच्या उलटं एकदा खरोखरच एकाचं लक्षण तिच्या नजरेतून सुटलं. दुसऱ्या पाळीतल्या बाईने पकडलं म्हणून निभावलं. त्यानंतर ती बिनपगारी रजा टाकून माझ्याकडे आली. आज पंधरा दिवस झाले, स्वयंपाक करते, माझे कपडे इस्त्री करते, दुपारी पलंगावर ते सोळा फोटो पसरून बसते. राजीनामा लिहून पाकिटात घातलेला आहे. रविवारी दुपारच्या गाडीने जायचं आणि सोमवारी तो मेट्रनच्या हातात द्यायचा, असं ठरलेलं. मी म्हटलं होतं, "अगं, एवढी शिकलीस, एवढी वर्षं काढलीस." ती म्हणाली होती, "ज्याला दिसत नाही त्याने गाडी चालवू नये. तसंच आहे हे."

लिंबू परत देऊन झालं. जोडपं गेलं. काउंटरवरच्या बाई अजून हसत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि ते फोल्डर उघडलं. मी प्रत्येक फोटोला काय काय केलं ते आकडे यंत्राने फोटोच्या पोटात लिहून ठेवलेले असतात. पहिला रविवार, दोन पिवळे कमी. दुसरा, दोन. पाचव्यापर्यंत दोन. सहाव्याला अडीच. सातव्याला तीन. मला ते तीन आठवलं. तेव्हा मी म्हटलं होतं, ऊन आता सरळ छपरावर येतंय, ऋतू बदलतोय. नवव्याला चार. दहाव्या रविवारी फोटो काढून झाल्यावर मी शिडी लावून, बादली घेऊन, ते छप्पर चांगलं घासून धुतलं होतं, बायको खालून शिडी धरून उभी होती आणि म्हणत होती, "पडाल हो, राहू दे ते." छप्पर लख्ख झालं. पुढच्या रविवारी पाच लागले. धुतल्यावर कमी व्हायला हवे होते, आणि माझ्या डोक्यात तेही आलं होतं, क्षणभर, जेवणाचा डबा उघडत असताना. मी मनाशी म्हटलं, स्वच्छ छपरातून जास्त उजेड येतो, जास्त उजेड म्हणजे जास्त पिवळं. मग सहा. मग सात. सोळाव्याला नऊ. दुसऱ्या कुणाला तिची कावीळ दिसली नसेल तर नसेल. मी ती दर सोमवारी मोजत होतो. दवाखान्यातल्या यंत्राने मोजावी तशी, अर्ध्या आकड्यापर्यंत बिनचूक. मोजायचो आणि पुसून टाकायचो. मागची भिंत निळी निळी होत गेली, पांढरा कप निळा झाला, कपातलं दूध निळसर दिसायला लागलं, आणि मधोमध बायको गोरी, प्रसन्न, जराशी बारीक. तो चेहरा इतका छान जमला होता की मीच त्यावर भाळलो होतो.

पण फोल्डर न उघडण्याचं खरं कारण हे आकडे नव्हते. ते मला तिथे बसल्या बसल्या, पडद्यासमोर, पहिल्यांदा सरळ आठवलं. अकराव्या फोटोनंतरचा मंगळवार. सकाळची घाई, मी मोज्याची जोडी शोधत होतो आणि ती बेसिनवरच्या आरशासमोर उभी होती. "अहो," ती म्हणाली, "मी पिवळी दिसते का हो?" मी न बघताच म्हणालो, "छपराचा उजेड आहे तो." ती म्हणाली, "छप्पर तिकडे राहिलं. आरसा तर आत आहे." बरोबर होतं तिचं. साधी, शाळेत जेमतेम सातवीपर्यंत गेलेली बाई, पण तिने आधी चादर बघितली होती. आणि मला राग आला. मोजा सापडत नव्हता, उशीर झाला होता, आणि रंगातलं मला कुणी शिकवावं हे मला चालत नसे. मी म्हणालो, "बावीस वर्षं मी काय गवत उपटतोय का?" बॅगेत आदल्या दिवशी लॅबमध्ये छापलेला तिचा फोटो होता, एक प्रत मी घरासाठी काढायचो. तो काढून मी तिच्या हातात दिला. "हे बघ. सांग, ह्यात कुठाय पिवळं?" तिने फोटोकडे बराच वेळ बघितलं. मग आरशात बघितलं. परत फोटोत. "नाही की," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग आरशाचंच काहीतरी असेल. जुना झालाय." तो फोटो तिने आरशाच्या कडेला खोचून ठेवला. पुढे शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, अगं तू पिवळी पडलीयस, दाखवून ये कुणाला तरी, तर हिने तो फोटो आणून दाखवला आणि म्हणाली, "ह्यांनी काढलाय. ह्यांना कळतं त्यातलं." काकूंनीच मला हे सांगितलं होतं, ती गेल्यावर, माझी समजूत घालायला: किती विश्वास होता हो तिचा तुमच्यावर! बायको अंगाला खाज येते म्हणाली तेव्हा मी साबण बदलून आणला होता.

दुपारपर्यंत मी काही केलं नाही. मालक एकदा डोकावले, म्हणाले, "आज डोळा मिटून बसलाय वाटतं." माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या आणि त्यांत घोळ कसलाच नव्हता. गप्प बसलो तर मुलगी सोमवारी राजीनामा देणार आणि माझ्याजवळ येऊन राहणार. तिच्या लेखी मी एक भाबडा बाप, रोज बघून बघून ज्याला दिसेनासं झालं. माझ्यावर तिची माया आहे आणि आता ती वाढली आहे. आईमागे बाबांचं कसं होईल म्हणून ती मी जेवलो की नाही हे दोनदा विचारते. सांगितलं तर तिला तिचे डोळे परत मिळणार, आणि त्या डोळ्यांनी ती पहिल्यांदा मला बघणार. हे एवढं सरळ होतं. तरी मी दोन तास त्यातून पळवाटा काढत बसलो. मनाशी म्हटलं, आता सांगून बायको परत येणार आहे का? मनाशी म्हटलं, पोरीला आणखी एक घाव कशाला? म्हटलं, थोडं शांत झालं की सांगू, पुढच्या वर्षी. स्वतःचा फोटो सुधारायला बसलं की माणसाचा हात किती सफाईने चालतो ते मी त्या दोन तासांत बघितलं. शेवटी मी सोळाही मूळ फोटो एका रांगेत घेतले. तसेच छापले असते तर तेही चुकलंच असतं. सगळेच पिवळे दिसले असते आणि तिने छपराला दोष दिला असता. म्हणून मी पहिल्यांदा डोळ्यावर टिचकी मारली नाही, कपावर मारली. छपराचे दोन पिवळे कमी केले, सोळांतून सारखेच दोन, आणि बायकोचे जे होते ते तिचे तिला ठेवले. कप पांढरा झाला. भिंत आमच्या चुन्याची झाली. आणि यंत्रातून एकामागोमाग एक गरम गरम फोटो बाहेर येऊन पडायला लागले तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या बायकोला बघितलं. सोळाव्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, मी हस म्हटलं म्हणून, आणि तिचे डोळे पिवळेजर्द होते. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. यंत्राच्या घरघरीत बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

रविवारी सकाळी नाश्ता झाला. मुलीची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. मी टेबल पुसून कोरडं केलं आणि फोटो ओळीने मांडले. "हे काय?" ती म्हणाली. "आईचेच. तेच सोळा. नीट बघ." तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि वाकली. तिची नजर पहिल्या फोटोवरून गेली, दुसऱ्यावरून, तिसऱ्या-चौथ्यावरून, कुठे थांबली नाही. सहाव्यावर तिचं बोट आलं. "इथून," ती म्हणाली. भिंग नाही, काही नाही. मी स्वतः सहावा आणि पाचवा शेजारी ठेवून पाच मिनिटं बघितले होते तेव्हा मला फरक कळला होता. "डोळ्याच्या कोपऱ्यात. इथून सुरू झालंय." मग तिला वाकावंही लागलं नाही. "आठव्यात उघड आहे. दहाव्यात मानेवर खाजवल्याचे ओरखडे आहेत. हा मी पाहिला असता तर त्याच दिवशी गाडीत बसले असते." तिचा आवाज वॉर्डातला होता, तो मी कधी ऐकला नव्हता. मग तो थांबला. "मला आलेले असे नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते," मी म्हणालो. "मी नीट करून पाठवत होतो. मला वाटलं, छपराचं आहे." आणि मी तिला सगळं सांगितलं, टिचकी, आकडे, निळी भिंत. ती उभीच होती. "म्हणजे माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही. "आठ महिने, बाबा." मी म्हणालो, "मला काल कळलं." आणि तेही बरोबर नव्हतं म्हणून म्हणालो, "कळलं काल. पण आठ महिने मी बघायला घाबरत होतो." तिने मान हलवली; हो म्हणून की काय म्हणून, कोण जाणे. तिची नजर परत फोटोंकडे गेली, एकेका फोटोवरून हात फिरवत ती शेवटच्यापर्यंत गेली आणि मग तिने जे विचारलं ते कुणीही विचारलं असतं. "आई तर रोज आरशात बघत असेल. तिने कधी तुम्हाला विचारलं नाही?"

ते मला आणि बायकोलाच माहीत होतं, आणि त्यातलं एक राहिलेलं नव्हतं. नाही म्हणायला मला काहीच लागलं नसतं. एका टिचकीचं काम होतं. तिला तिचे डोळे मिळाले होते, मीही जेमतेम का होईना, तिच्या नजरेत उरलो असतो. "विचारलं होतं," मी म्हणालो. आणि मोज्यापासून आरशापर्यंत, मी काय बोललो आणि ती काय बोलली, एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं. फोटो बघून बायकोचा चेहरा मोकळा झाला होता हेही सांगितलं.

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं, तिचं चाक पायरीपायरीवर आपटत होतं. ते खाली पोचलं. मग मुलगी म्हणाली, "इकडे या." आतल्या खोलीच्या खिडकीशी, जिथे छपराचा उजेड येत नाही, तिथे तिने मला उभं केलं. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने एका डोळ्याची पापणी खाली ओढून बघितलं, मग दुसऱ्या. तिची बोटं कोरडी आणि गार होती. अनोळखी पेशंटला लागत असतील तशीच मला लागत होती. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही. तिने ते पाणी बोटाने बाजूला केलं आणि परत बघितलं.

"पांढरे आहेत," ती म्हणाली. "ड्यूटी बघून महिन्यातून एकदा मी येत जाईन. स्वतः बघेन. फोटो पाठवू नका."